दोष टाकीत, मेमो ऑपरेटरला

(कामगार शिक्षण वर्गात डेपोतील फिटर व ऑपरेटर गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला आज विषय दिला आहे तो असा : डिझेलवर चालणाऱ्या बॅकहो मशीनची ताकद कामात कमी पडू लागली, तर इंधनाच्या मार्गातील दोष कसा शोधावा. हा विषय ऐकून टपाल खात्यातील मित्रांच्या मनात आले असेल की, हे रेल्वेवाल्यांचे काम, आम्ही इथे कशाला बसायचे? त्यांना आमची विनंती आहे की, थोडा वेळ बसावे. एक तर मेल मोटर सर्व्हिसच्या डिझेल गाडीत आणि आमच्या बॅकहोत डिझेलचा रस्ता सारखाच असतो. टाकी, नळी, पंप, फिल्टर, नोझल. आणि दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दोष सापडला नाही की तो कोणाच्या तरी नावावर लिहिला जातो, आणि तो नेहमी खालच्या माणसाच्या नावावर लिहिला जातो. ‘रिकव्हरी’ हा शब्द टपालातल्या कामगाराला आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

बॅकहो म्हणजे पुढे मोठे बकेट आणि मागे खोदाईचा हात असलेले, रबरी चाकांचे मशीन. कंपनी कोणतीही असली तरी गावोगाव त्याला लोक जेसीबीच म्हणतात. रेल्वेत त्याचे काम रुळाच्या बाजूची गटारे मोकळी करणे, खडी भरणे, भराव नीट करणे, आणि पावसाळ्यात दरड खाली आली की दगडमाती उचलणे. काही ठिकाणी हे मशीन खात्याचे असते, पुष्कळ ठिकाणी कंत्राटदाराचे.

आता घडलेली हकीकत सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. घाटातल्या एका साइटवर गटारात आलेला राडारोडा काढण्यासाठी खात्याचे मशीन लावले होते. ब्लॉक दोन तासांचा. मशीन सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाले, जागेवर उभे असताना इंजिन अगदी सुरेल चालत होते. कामाला लागले, पहिली वीस मिनिटे ठीक गेली. नंतर बकेट मातीत घातले की इंजिनचा आवाज बसायला लागला, हात अर्ध्यावर थांबायला लागला, आणि शेवटी इंजिन बंद. दहा मिनिटे थांबून पुन्हा सेल्फ मारला तर काहीच झाले नाही अशा थाटात सुरू! पुन्हा पंधरा-वीस मिनिटे काम, पुन्हा तोच प्रकार. असे चार दिवस चालले. काम निम्मेही झाले नाही.

पाचव्या दिवशी आमच्या ऑपरेटर बंधूंच्या हातात एसएफ-11 पडला. मशीनची देखभाल केली नाही आणि काम जाणूनबुजून सावकाश केले, असे दोन आरोप. त्याच आठवड्यात फ्युएल पंप आणि चारही नोझल काढून बाहेरच्या वर्कशॉपला पाठवले गेले. मशीन नऊ दिवस उभे राहिले. पंप दुरुस्त होऊन आला, मोठे बिल आले, पंप बसवला, आणि पहिल्याच दिवशी वीस मिनिटांनी मशीनने पुन्हा दम टाकला. तरी बिलाची वसुली कोणाकडून करावी याची चर्चा वरच्या खोलीत सुरू झाली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

इथे आम्ही आमचीही चूक कबूल करतो. ‘पंप कमजोर झाला असेल’ हे वाक्य पहिल्यांदा साहेबांनी उच्चारलेले नाही. ते आमच्यातल्याच एकाने, चहा पिता पिता, मशीनला हात न लावता उच्चारले होते. ते वाक्य वर गेले आणि त्याचा हुकूम होऊन खाली आले. न तपासता बोललेला शब्द आपल्याच सहकाऱ्याच्या पगारावर जाऊन बसू शकतो, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

त्यानंतर आम्ही तिघे बसलो आणि ठरवले की आता क्रमाने जायचे. डिझेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने आपणही जायचे. टाकीपासून निघायचे आणि नोझलला शेवटी पोहोचायचे. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. न उघडता जे कळते ते आधी, उघडून जे कळते ते नंतर. आणि प्रत्येक पायरीवर जे दिसले ते त्याच वेळी लिहून ठेवायचे. तो क्रम आपल्यापुढे ठेवतो.

सर्वांत आधी, ताकद इंजिनची गेली आहे की हायड्रॉलिकची, हे ठरवावे. बकेट मातीत घालून इंजिनच्या आवाजाकडे कान द्यावा. बकेट मंद झाले पण इंजिनचे फेरे कमी झाले नाहीत, तर इंजिनला दोष देऊ नये. दोष हायड्रॉलिक पंपात, तेलात किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधावा. इंजिनचे फेरेच खाली बसत असतील तर मात्र इंजिन उपाशी आहे किंवा गुदमरले आहे. याच वेळी रेसची केबल पूर्ण ओढली जाते का तेही पाहावे. पेडलखाली सरकलेली चटई, ताणलेली केबल, किंवा पूर्ण मागे न आलेली स्टॉपची दोरी यांच्यामुळेही इंजिन पूर्ण रेस घेत नाही. भार नसताना पूर्ण रेसवर किती फेरे मिळतात ते मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावे. याला एक रुपयाही खर्च येत नाही.

दुसरे, धूर पाहावा. भाराखाली काळा धूर येत असेल तर डिझेल मिळते आहे पण हवा कमी पडते आहे, किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाही. आधी एअर क्लीनर उघडावा. खडीच्या डेपोत काम करणाऱ्या मशीनचा एअर क्लीनर किती लवकर भरतो ते आपण जाणताच. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे. टायमिंग, पाणी किंवा हवा यांचा संशय घ्यावा. आणि इंजिन बसते आहे पण धूर जवळजवळ नाहीच, तर डिझेल पोहोचतच नाही असे समजून पुढे जावे. धूर हा पुरावा नव्हे, तो फक्त वाट दाखवतो. आमच्या मशीनला धूर नव्हता.

तिसरे, डिझेल. काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत डिझेल किती आहे ते पाहावे. मग टाकीच्या तळातून आणि पाणी गाळणाऱ्या वाटीतून थोडे डिझेल काचेच्या बरणीत काढावे व थोडा वेळ स्थिर ठेवावे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे पाणी असेल तर खाली बसते आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. हे काम सकाळी, मशीन सुरू करण्यापूर्वी करावे. रात्रभरात पाणी तळाला बसलेले असते. मशीन चालून हलले की सारे पुन्हा मिसळते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचे पाणी होते. म्हणून काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, सकाळी नव्हे. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात तिथे बुरशीसारखा काळा चिकट थरही धरतो आणि तो फिल्टर बुजवतो.

चौथे, टाकीचे झाकण. टाकीतून डिझेल बाहेर गेले तर त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे. ती येण्यासाठी झाकणात किंवा वेगळ्या नळीत बारीक भोक असते. चिखलाने ते बुजले तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. लक्षण नेमके आमच्या मशीनसारखेच : थोडा वेळ चांगले चालते, मग दम टाकते, थांबल्यावर पुन्हा सुरू होते. परीक्षा सोपी आहे. इंजिन बसू लागले की मशीन थांबवून झाकण सैल करावे. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि इंजिन सावरले, तर दोष झाकणाचा. आम्ही झाकण सैल केले. आवाज आला नाही. फरक पडला नाही. तसे लिहून ठेवले.

पाचवे, टाकी ते फीड पंप ही नळी. इथे पुष्कळ अनुभवी माणसेही चकतात. कारण असे की, पंपाच्या पुढच्या नळीत दाब असतो, तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. पण पंपाच्या मागच्या नळीत ओढ असते. तिथे चीर असेल तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. बाहेरून नळी कोरडी, स्वच्छ, निर्दोष दिसते आणि आत मात्र डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे जात असतात. म्हणून या भागात पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडावा आणि इंजिन चालवून बघावे. बुडबुड्यांची माळ दिसली तर टाकीच्या बाजूने एकेक जोड तपासत यावे. क्लिप, वॉशर, वाटीचे रबर, जुनी नळी. रबरी नळी आतून फुगून किंवा सोलटून बंद होते तेही लक्षात ठेवावे. बाहेरून तिला काही कळत नाही. आमच्या मशीनच्या नळीत बुडबुडे नव्हते. मात्र इंजिन बसताना त्या पारदर्शक तुकड्यातले डिझेल पुढे सरकायचे जवळजवळ थांबत होते. हेही लिहून ठेवले.

सहावे, फीड पंप. जुन्या यांत्रिक इंजिनवर हा पंप कॅमशाफ्टवरून चालतो आणि त्याच्या आत पडदा असतो. पुढची नळी सोडून, तोंड भांड्यात धरून, इंजिन सेल्फने फिरवावे. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक जोरदार पिचकारी आली पाहिजे. दाब मोजायचा असेल तर गेज लावून मॅन्युअलमधला आकडा पाहावा. पडदा फाटला असेल तर डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर मशीन लगेच थांबवावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाऊन टाकते.

सातवे, फिल्टर. तो बदलला असेल तर कधी बदलला याची तारीख आणि तासांचा आकडा फिल्टरवरच लिहावा. काढलेला जुना फिल्टर फेकण्यापूर्वी कापून आत पाहावा. त्यात गंज, काळा चिकट थर किंवा पाणी, काय सापडते त्यावरून टाकीची तब्येत कळते. नवा फिल्टर कॅनमधले डिझेल ओतून भरून बसवण्याची सवय सोडावी, कारण ते न गाळलेले डिझेल सरळ पंपात जाते. फिल्टर बसवून हातपंपाने डिझेल चढवावे आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्क्रूमधून हवा काढावी. आमच्या मशीनचा फिल्टर नुकताच बदललेला होता.

आता आठवी पायरी. आजच्या भाषणातून आपण एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ही न्यावी. पंप उघडण्यापूर्वी मशीनला वेगळ्या डब्यातून डिझेल पाजावे. स्वच्छ डबा, गाळलेले डिझेल, स्वच्छ नळी. ती नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडावी. डबा पक्का बांधावा, सायलेन्सरपासून दूर ठेवावा, आणि मुख्य म्हणजे टाकीच्याच उंचीवर ठेवावा. उंच ठेवला तर डिझेल आपल्या वजनानेच खाली उतरते आणि फीड पंप कमजोर असला तरी तो दोष झाकला जातो. मग मशीन कामाला लावावे. डब्यावरही मशीन दम टाकत असेल तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे आहे. डब्यावर मशीन नीट चालले तर फीड पंप, फिल्टर, फ्युएल पंप, नोझल, सारे एका फटक्यात निर्दोष ठरतात आणि दोष टाकी व मागच्या नळीत उरतो.

आमचे मशीन डब्यावर पूर्ण तासभर चालले. बकेट मातीत रुतवून, भार देऊन चालवले. आवाज बसला नाही. ज्या पंपाचे आणि नोझलचे मोठे बिल झाले होते, ते काढायची गरजच नव्हती.

टाकी रिकामी केली. तळाशी गंज नव्हता, पाणी थोडेसे होते. आणि ओढीच्या नळीच्या तोंडापाशी तळहाताएवढा चकचकीत पातळ पापुद्रा सापडला. ऑइलच्या नव्या कॅनच्या झाकणाखाली जे सील असते ते. कोणीतरी सील बोटाने आत ढकलून कॅन उघडला, ऑइल संपल्यावर त्याच कॅनमधून डिझेल आणले गेले, आणि डिझेलबरोबर सील टाकीत गेले. इंजिन जागेवर चालताना ओढ कमी, म्हणून पापुद्रा तळाशी फिरत राहायचा. भार आला की ओढ वाढायची, पापुद्रा नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायचा आणि डिझेल बंद. इंजिन थांबले की ओढ गेली, पापुद्रा सुटला, मशीन पुन्हा तयार!

मग पुढचा प्रश्न : टाकीच्या तोंडात गाळणी असते, तिच्यातून हा पापुद्रा आत गेला कसा? तर गाळणी फाटली होती म्हणून काढून ठेवलेली होती आणि नव्या गाळणीचा इंडेंट कित्येक महिने पडून होता. त्या इंडेंटची नोंद ऑपरेटर बंधूंनी लॉगबुकात तारखेसह केलेली होती. ज्याने गाळणी मागितली त्यालाच, देखभाल केली नाही म्हणून मेमो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मित्रहो, नववी पायरी नोझल आणि फ्युएल पंप यांची. तिथे जाण्यापूर्वी धोक्याविषयी बोलले पाहिजे. फ्युएल पंपाच्या आतले भाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने बसवलेले असतात. धुळीच्या साइटवर तो उघडणे म्हणजे चांगला पंप खराब करणे. तो स्वच्छ खोलीत, टेस्ट बेंचवरच उघडला गेला पाहिजे. दुसरे, नोझलच्या नळीतला दाब. जुन्या इंजिनात नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडते, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पट. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येते. म्हणून गळती हाताने कधीही चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. धार लागलीच तर मलमपट्टी करून घरी जाऊ नये. तातडीने इस्पितळात जावे आणि ‘दाबाचे डिझेल आत शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जुन्या मशीनवर एकेका नोझलची नळी सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्याची पद्धत आहे. ती जाणकार फिटरनेच, चष्मा घालून आणि मंद रेसवर करावी. पण नव्या मशीनवर ती अजिबात करू नये. भारतात 1 एप्रिल 2021 पासून चाकांच्या बांधकाम मशीनना प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि त्यानंतरच्या पुष्कळ मशीनमध्ये कॉमन रेल पद्धत आली. त्यात दाब एक हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनची नळी सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे कॉम्प्युटरचा स्कॅनर लावून कोड वाचावा. तरीसुद्धा टाकी, झाकण, नळी आणि फिल्टर नव्या मशीनलाही आहेतच, आणि आमचा पापुद्रा तिथेही तसाच चिकटला असता. कोड ‘दाब कमी’ एवढेच सांगेल. का कमी, हे टाकीपासून शोधावेच लागेल. मात्र बाहेरचा डबा किंवा पारदर्शक नळी जोडण्यापूर्वी त्या मशीनचे मॅन्युअल पाहावे.

रुळाजवळ काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इंजिन बंद पडले की हायड्रॉलिक पंपही बंद पडतो. हात उचलता येत नाही, बाजूला फिरवता येत नाही, स्टिअरिंग जड होते. हात रुळावर आडवा असताना इंजिन बसले तर ब्लॉक संपत आला तरी मशीन बाजूला घेता येत नाही. डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार असते ती वेगळीच. म्हणून ज्या मशीनने एकदा दम टाकला ते दोष सापडेपर्यंत रुळाच्या हद्दीत लावू नये, आणि तसे लेखी कळवावे. ‘एवढा ब्लॉक काढून घ्या, मग बघू’ हे तोंडी सांगणारा माणूस अपघातानंतर तोंडी सांगितल्याचे मान्य करील, अशी आशा धरू नये.

आता लिहिण्याविषयी. तासांच्या मीटरचा आकडा, किती मिनिटांनी दम टाकला, कोणत्या कामात, धूर कसा, किती वेळाने पुन्हा सुरू झाले, काय तपासले आणि काय दिसले. एवढे सात-आठ ओळींत मावते. खाली तारीख, सही आणि शक्य तर सोबतच्या फिटरची सही. आमच्या ऑपरेटर बंधूंच्या मेमोला उत्तर देताना आम्ही भाषा कडक केली नाही. पायऱ्यांचा तक्ता, डब्यावर तासभर मशीन चालल्याची नोंद, इंडेंटची तारीख आणि तो पापुद्रा पाकिटात घालून जोडला. 1968 च्या शिस्त व अपील नियमांत वेतनातून वसुली ही किरकोळ शिक्षांमध्ये आहे, पण ती कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच आहे. टपाल खात्याला लागू असलेल्या 1965 च्या नियमांतही हाच मुद्दा आहे. तेव्हा प्रश्न एकच राहतो : नुकसान कशामुळे झाले? त्याचे उत्तर आमच्या तक्त्यात होते. मेमो पुढे गेला नाही, वसुलीची चर्चा थांबली. कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. आम्ही ती मागितलीही नाही. आम्ही गाळणी मागितली, आणि या वेळी ती आठ दिवसांत आली.

पण एक शल्य उरते ते सांगून थांबतो. आमचा बंधू कायम नोकरीत होता म्हणून त्याला मेमो तरी मिळाला, उत्तर देण्याची संधी मिळाली. शेजारच्या साइटवर हाच प्रकार कंत्राटदाराच्या मशीनवर झाला असता, तर त्या ऑपरेटरला संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगितले गेले असते. त्याच्या मशीनच्या टाकीत काय होते हे कोणी पाहिलेच नसते. म्हणून आमच्या मागण्या दोन आहेत आणि त्या दोन्हींना फारसा पैसा लागत नाही. प्रत्येक साइटवर जाळी लावलेले नरसाळे आणि फक्त डिझेलसाठी राखून ठेवलेले, खूण केलेले कॅन द्यावेत. आणि मशीन कोणाचेही असो, टाकी ते नोझल हा तपासणीचा तक्ता भरल्याशिवाय कोणावरही ठपका ठेवू नये, मग तो कायम असो वा कंत्राटी.

आपल्यापुरते आपणही एक ठरवू या. तपासल्याशिवाय ‘पंप गेला’ म्हणायचे नाही, आणि ऑइलच्या कॅनचे सील आत ढकलायचे नाही, उचकटून बाहेर काढायचे.

 बाहेर ओट्यावर जुन्या मशीनचा फीड पंप आणि पारदर्शक नळी मांडून ठेवली आहे. चहानंतर ज्यांना हात घालून पाहायचे आहे त्यांनी यावे. टपालातल्या मित्रांनी आधी यावे.